ही बॅग कोणाची?



विमान हा विषय आपल्या खान्देशात आता पूर्वीइतका परका राहिलेला नाही. जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन 2012 साली तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. 2017 च्या डिसेंबरात 'उडान' योजनेतून मुंबईचं पहिलं विमान सुटलं, मग ते बंद पडलं, 2019 मध्ये दुसऱ्या कंपनीचं सुरू झालं, तेही थांबलं, आणि 2024 मध्ये पुन्हा गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशी नावं फलकावर लागली. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, शिरपूरला वैमानिक घडवण्याचं शिक्षण चालत आलंय. म्हणजे ज्यांच्या आजोबांनी भुसावळ जंक्शनपलीकडचं जग पॅसेंजर गाडीच्या खिडकीतून पाहिलं, त्यांची नातवंडं आता इंटरव्ह्यूसाठी विमानाने जाऊन येतात. छानच आहे.

पण परत आल्यावर मेसमध्ये शेवभाजी खाता खाता जे ऐकायला मिळतं, ते मात्र ठरलेलं असतं. "काय भो, बेल्ट काढायला लावला!" "माझी पाण्याची बाटली फेकली." "आईने दिलेल्या लोणच्याच्या बरणीवर दहा मिनिटं चर्चा!" आणि शेवटी सगळ्यांचं एकमत : हा सगळा देखावा आहे, ज्याला काही करायचं तो करतोच, त्रास मात्र सामान्य माणसाला.

मला हे मत अर्धं पटतं आणि अर्धं अजिबात पटत नाही, म्हणून हा लेखप्रपंच. माझं म्हणणं असं की विमानतळावरचा प्रत्येक चमत्कारिक नियम हा कुणाच्या तरी मरणानंतर लिहिला गेला आहे. तेव्हा नियमाला हसण्याआधी तो का आला हे माहीत पाहिजे. आणि ते माहीत झालं की दुसरी गोष्टही कळते : आपण जिथे ढिलाई करतो आणि जिथे उगाच रुबाब दाखवतो, त्या दोन्ही जागा चुकीच्या आहेत.

सुरुवात आपल्याच माणसांपासून करू. 11 एप्रिल 1955. एअर इंडियाचं 'काश्मीर प्रिन्सेस' नावाचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान हाँगकाँगहून जकार्त्याला निघालं होतं. बांडुंग परिषदेला जाणारे चिनी प्रतिनिधी आणि काही पत्रकार त्यात होते. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनीही याच विमानाने जायचं होतं, पण ते ऐनवेळी दुसऱ्या मार्गाने गेले. विमानाचे कप्तान होते डी. के. जटार. सोबत देखभाल अभियंता म्हणून अनंत कर्णिक, सहवैमानिक एम. सी. दीक्षित, दिशादर्शक जे. सी. पाठक. सुमारे पाच तासांच्या उड्डाणानंतर, 18 हजार फुटांवर, उजव्या पंखात चाकं आत घेण्याच्या जागेत स्फोट झाला. इंधनाच्या टाकीला भोक पडलं, आग लागली, कॉकपिटमध्ये धूर भरला. जटारांनी तशाही अवस्थेत विमान समुद्रावर उतरवायचा प्रयत्न केला. विमानातल्या 19 पैकी 16 जण गेले. वाचले ते तिघेच : कर्णिक, दीक्षित आणि पाठक. तासन्‌तास पोहत ते बेटाला लागले. कर्णिकांनी पुढे या प्रसंगावर पुस्तकही लिहिलं.

आता आपल्या कामाचा प्रश्न : बॉम्ब आला कुठून? प्रवाशाच्या बॅगेतून नाही. विमान हाँगकाँगला उभं असताना तिथल्या विमान दुरुस्ती कंपनीच्या एका सफाई कामगाराने तो पंखात ठेवला, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. तो माणूस तैवानला पळून गेला आणि कधी हाती लागला नाही. भारताच्या वतीने या तपासात होते रामनाथ काव, ज्यांनी पुढे 'रॉ' ही संस्था उभारली.

म्हणजे 1955 सालीच पहिला धडा मिळाला होता : पुढच्या दाराला कितीही कुलपं लावा, मागच्या दाराने झाडू घेऊन येणाऱ्याकडे कोण बघतं? आपल्याकडे कुठल्याही होस्टेलचं उदाहरण घ्या. गेटवर रजिस्टर असतं, वॉचमन काका पालकांनासुद्धा दोनदा सही करायला लावतात. आणि मेसच्या मागच्या दाराने दूधवाला, गॅसवाला, भाजीवाला, भाजीवाल्याचा भाचा, सगळे मोकळे! विमानतळांचंही बरीच वर्षं असंच होतं. प्रवासी तेवढा संशयित, बाकी सगळे घरचे.

पुढचा काळ अपहरणांचा. 30 जानेवारी 1971 ला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' हे फोकर विमान दोघा तरुणांनी लाहोरला नेलं. प्रवासी सुटले, पण विमान जाळण्यात आलं. नंतर कळलं की पिस्तूल खेळण्यातलं आणि हातबॉम्ब लाकडी! त्या लाकडी बॉम्बचा परिणाम मात्र खरा झाला. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली आणि पूर्व व पश्चिम पाकिस्तान यांच्यातलं अंतर त्या निर्णायक वर्षात एकदम वाढलं. 1978 च्या डिसेंबरात लखनौहून दिल्लीला जाणारं विमान दोघा तरुणांनी वाराणसीला नेलं. मागणी होती इंदिरा गांधींच्या सुटकेची. त्यांच्याकडे काय होतं? खेळण्यातलं पिस्तूल आणि गुंडाळलेला क्रिकेटचा चेंडू! पुढे दोघेही आमदार झाले, हा भाग वेगळा.

वाचून हसू येतं. पण जरा विचार करा, 35 हजार फुटांवर चेंडू आहे की बॉम्ब हे तपासून कोण बघणार? जमिनीवर तपासलं नाही तर हवेत तपासता येत नाही, हा विमानाच्या सुरक्षेतला सर्वांत साधा आणि सर्वांत कठोर नियम. एसटीत भांडण झालं तर कंडक्टर घंटी वाजवून गाडी चौकीला लावतो. विमानात ती सोय नाही. म्हणूनच 1976 च्या एका अपहरणानंतर नेमलेल्या पांडे समितीने शिफारस केली आणि जानेवारी 1978 मध्ये नागरी विमान सुरक्षेसाठी एक छोटा कक्ष सुरू झाला. तेव्हा तो दुसऱ्या खात्याच्या पोटात होता. त्याला स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला 1 एप्रिल 1987 रोजी. मधल्या काळात काय घडलं?

घडलं ते 'कनिष्क'. 23 जून 1985. माँट्रियलहून लंडनमार्गे भारतात येणारं एअर इंडियाचं जम्बो जेट आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ 31 हजार फुटांवर फुटलं. 329 माणसं गेली. बहुतेक भारतीय वंशाची कॅनडातली कुटुंबं होती, उन्हाळ्याच्या सुट्टीला आजी-आजोबांकडे निघालेली. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसरी बॅग फुटली आणि सामान चढवणारे दोन कामगार गेले.

या घटनेतला तपशील प्रत्येक इंजिनिअरने एकदा तरी नीट वाचावा असा आहे. व्हँकुव्हरला एक माणूस आला. टोरोंटोपर्यंतचं तिकीट पक्कं, पुढचं वेटिंग. त्याचा हट्ट, की बॅग थेट भारतापर्यंत पाठवा. काउंटरवरच्या बाईंनी आधी नियम सांगितला. पण मागे लांब रांग होती, माणूस हुज्जत घालत होता. शेवटी त्यांनी बॅगेला चिठ्ठी लावली. बॅग गेली, माणूस विमानात बसलाच नाही. टोरोंटोला सामान तपासायचं क्ष-किरण यंत्र त्याच दिवशी मधेच बंद पडलं. मग उरलेल्या बॅगा हातातल्या वासयंत्राने तपासल्या. बॅग पुढे सरकली. माणसाशिवाय बॅग चालली आहे, हे जुळवून बघणारं कुणीच नव्हतं.

बघा, यात एकही चूक 'मोठी' नाही. प्रत्येकाला वाटलं, पुढचा बघेल. पुढच्याला वाटलं, मागच्याने बघितलं असेल. आपल्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये हेच होतं ना? चौघांपैकी प्रत्येकाला वाटतं सर्किट दुसऱ्याने टेस्ट केलंय, आणि व्हायवाच्या दिवशी धूर निघतो. फरक एवढाच की आपल्याला फार तर एटीकेटी लागते.

या विमानाचे अवशेष सुमारे दोन किलोमीटर खोल समुद्रातून काढावे लागले. त्यांच्या तपासणीत आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांचाही वाटा होता. धातूचा पत्रा कसा वाकला, कुठे टोचला, आतून बाहेर की बाहेरून आत, यावरून काय घडलं ते वाचायचं. मेटलर्जीचा तास कंटाळवाणा वाटतो त्यांच्यासाठी ही माहिती मुद्दाम देतोय.

यानंतर जगभर एक नियम घट्ट झाला : ज्याची बॅग त्याने विमानात असलंच पाहिजे. आपल्याकडे जुने लोक सांगतात की पूर्वी विमानाजवळ सगळ्या बॅगा मांडून ठेवत आणि प्रत्येक प्रवाशाने आपली बॅग बोटाने दाखवली तरच ती आत जाई. उरलेली बॅग संशयास्पद. उन्हात उभं राहून लोक वैतागत. पण "ही बॅग कोणाची?" हा प्रश्न व्हँकुव्हर किंवा टोरोंटोला एकदा जरी कुणी नेटाने विचारला असता, तर 329 माणसं घरी पोचली असती.

नियम झाला म्हणून तो पाळला गेला असंही नाही. साडेतीन वर्षांनी, 21 डिसेंबर 1988 ला, स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन अ‍ॅमचं विमान फुटलं, 270 बळी गेले. पुन्हा तेच : मालकाविना आलेली, एका विमानातून दुसऱ्यात चढवलेली बॅग. बैल गेला नि झोपा केला, ही आपली म्हण. इथे तर झोपा करूनही दुसरा बैल गेला.

मधे 1986 आहे. 5 सप्टेंबरला मुंबईहून निघालेलं पॅन अ‍ॅमचं विमान कराचीत थांबलं असताना चार बंदूकधारी आत शिरले. ते आले कसे? विमानतळाच्या सुरक्षारक्षकांचे गणवेश घालून, गाडीत बसून! म्हणजे पुन्हा मागचं दार. नीरजा भनोतने वैमानिकांना वेळीच सावध केलं. ते बाहेर पडले आणि विमान उडूच शकलं नाही. प्रवाशांना वाचवताना ती गेली, वय 22. म्हणजे आपल्या फायनल इयरपेक्षा फार मोठी नव्हती. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. तिचं शौर्य सगळ्यांना आठवतं, पण तिच्यावर ती वेळ आणली कुणी, तर गणवेश पाहून गाडी आत सोडणाऱ्याने. हे फारसं कुणी बोलत नाही.

आणि मग 24 डिसेंबर 1999. काठमांडूहून दिल्लीला येणारं आयसी-814. काठमांडूला तपासणी ढिली होती, शस्त्रं आत गेली. विमान अमृतसरला उतरलं, पाऊण तासाच्या आसपास आपल्याच जमिनीवर उभं होतं, आणि कोणी काय करायचं हे ठरेपर्यंत उडालंसुद्धा. लाहोर, दुबई, कंदाहार. रुपिन कत्याल या तरुणाचा खून झाला. 31 तारखेला तीन दहशतवादी सोडून प्रवासी परत आणावे लागले. सुटलेल्यांत मसूद अझहर होता, पुढे त्याने काय केलं ते देशाला माहीत आहे. कंदाहारनंतर विमानतळांची सुरक्षा राज्यांच्या पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे, द्यायला सुरुवात झाली. पहिला विमानतळ जयपूर, फेब्रुवारी 2000. आज साठहून अधिक विमानतळांवर हे दल आहे.

11 सप्टेंबर 2001 बद्दल नव्याने काय सांगू! एकच मुद्दा. त्या दिवसापर्यंत वैमानिकांना शिकवलं जायचं की अपहरणकर्त्याचं ऐका, विमान उतरवा, वाटाघाटी होतील. विमान हेच क्षेपणास्त्र होईल हे गृहीतच धरलेलं नव्हतं. त्यानंतर कॉकपिटची दारं मजबूत झाली, आतून बंद, बाहेरून उघडता येऊ नयेत अशी. उत्तम उपाय! 2015 च्या मार्चमध्ये जर्मनविंग्जच्या विमानात मुख्य वैमानिक बाहेर गेला, सहवैमानिकाने दार आतून लावून घेतलं आणि विमान आल्प्स पर्वतावर नेऊन आपटलं. 150 जण गेले. कप्तान दार ठोठावत राहिला. दार उत्तम बनवलं होतं, उघडलं नाही.

हीच खरी इंजिनिअरिंगची अडचण. आपण पुलाचं डिझाइन करतो तेव्हा भार ठरलेला असतो. वारा, भूकंप, वाहतूक, सगळं कोष्टकात मिळतं. आणि वारा आपलं डिझाइन वाचून त्यातली फट शोधत नाही! इथे मात्र समोरचा माणूस विचार करतो. बुटात स्फोटकं आणली, म्हणून बूट तपासले. 2006 मध्ये लंडनमध्ये पेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा कट पकडला गेला, म्हणून 100 मिलिलिटरची मर्यादा आली. तपासणी नेहमी मागच्या वेळच्या प्रश्नाचं उत्तर असते, आणि पेपर सेट करणारा दर वर्षी नवा प्रश्न काढतो.

"मग चांगलं मशीन आणा ना," असं म्हणणाऱ्यांसाठी एक साधं गणित. 2024 मध्ये आपल्या देशांतर्गत विमानांतून 16 कोटींपेक्षा जास्त प्रवाशांनी प्रवास केला. प्रत्येकाची एकच बॅग धरा. समजा मशीन 99 टक्के अचूक आहे, म्हणजे शंभर निर्दोष बॅगांपैकी एकीवर चुकून लाल दिवा लागतो. ऐकायला भारी! पण 16 कोटींचा एक टक्का म्हणजे 16 लाख बॅगा. रोजच्या जवळजवळ 4,400. त्या सगळ्यांत खरी धोक्याची बॅग वर्षभरात कदाचित एकही नसेल. आता त्या लाल दिव्यासमोर बसलेल्या माणसाचा विचार करा. दिवा लागला की बॅग उघडायची, आत चार्जर, पितळेचा गणपती किंवा लोणचं. हजारदा असं झाल्यावर हजार-एकव्या वेळी त्याचं मन काय म्हणेल? "असेल काहीतरी." त्या "असेल काहीतरी"मध्येच धोका आहे.

यावर इलाजही शोधलेत आणि ते मला फार हुशारीचे वाटतात. पडद्यासमोर एका माणसाला सलग वीस मिनिटांच्या आसपासच बसवतात, मग बदली. कारण त्यानंतर डोळे उघडे असले तरी लक्ष झोपतं. (आपल्या लेक्चरची वेळ किती असावी यावर प्राध्यापकांनी विचार करायला हरकत नाही!) दुसरं म्हणजे मशीन स्वतःच मधेमधे खऱ्या बॅगेच्या चित्रात खोट्या बंदुकीचं किंवा बॉम्बचं चित्र मिसळतं. बघणाऱ्याने ते पकडलं तर शाबासकी, सुटलं तर पुन्हा प्रशिक्षण. म्हणजे माणसाला जागं ठेवणं हेच मशीनचं काम झालं.

आता विरोधी मुद्दे घेतो, कारण तेही खोटे नाहीत.

पहिला : भुसावळला रोज हजारो माणसं गाडीत चढतात, त्यांच्या बोचक्यांना कोण हात लावतं? 11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले, दोनशेवर माणसं गेली, तरी लोकलला विमानतळासारखी तपासणी आली नाही. मग विमानवाल्यांचेच एवढे लाड का? श्रीमंतांचा जीव मोठा म्हणून? प्रश्न योग्य आहे आणि टोचणारा आहे. रेल्वेचा प्रवासीही तेवढाच मोलाचा, याबद्दल वाद नाही. पण विमानाची गोष्ट वेगळी आहे ती तिकिटाच्या किमतीमुळे नव्हे. गाडीच्या एका डब्यात स्फोट झाला तरी बाकीचे डबे जमिनीवर असतात. विमानात पाव किलो चुकीची वस्तू म्हणजे सगळेच. शिवाय गाडी रुळावरून वळवून कुणाच्या घरावर नेता येत नाही. आणि जळगावच्या विमानात बसणारा आज श्रीमंतच असतो असंही नाही. 'उडान'मध्ये काही जागांच्या भाड्याला मर्यादा घातली ती याचसाठी.

दुसरा : झडतीत अपमान होतो. होतो, आणि तो कपडे, भाषा, आडनाव पाहून जास्त-कमी होत असेल तर ते नुसतं अन्यायाचं नाही, तर मूर्खपणाचंही आहे. कराचीत आलेले गणवेशात होते. हाँगकाँगचा माणूस कामगार होता. जर्मनविंग्जचा तर वैमानिकच होता. चेहरा पाहून धोका ओळखता आला असता तर हा लेख लिहावाच लागला नसता. म्हणून तपासणी सगळ्यांची आणि सारखी हवी.

आणि इथेच माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. आपल्या देशात विमानतळावर तपासणीतून सूट असलेल्या मान्यवरांची यादी असते. यादीच्या बाहेरही "मला ओळखलं नाही का?" म्हणणाऱ्यांची आपल्याकडे टंचाई नाही. 2009 मध्ये दिल्ली विमानतळावर एका अमेरिकन विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी माजी राष्ट्रपती डॉ. कलाम यांची झडती घेतली. संसदेत केवढा गदारोळ झाला! कंपनीला माफी मागावी लागली. नियमाने त्यांना सूट होती, त्यामुळे कंपनीचं चुकलंच. पण स्वतः कलामसरांनी झडतीच्या वेळी तक्रार केली नव्हती. ते रांगेत उभे राहिले आणि पुढे गेले. आपण त्यांचं चित्र लॅबमध्ये लावतो, तर त्यांचा हाही गुण घ्यावा. सूट मिळवणं हा मोठेपणा नाही. व्हँकुव्हरच्या काउंटरवरही एका माणसाने हुज्जत घालून सूटच मिळवली होती.

आता आपल्या जळगावविषयी. 'उडान' योजनेत छोट्या विमानतळांवर सुरक्षा आणि अग्निशमन पुरवायची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली आहे. दिवसाला मोजकी विमानं, थोडे प्रवासी. विमानं कधी सुरू, कधी बंद. अशा ठिकाणी माणूस प्रशिक्षित ठेवणं, यंत्र चालू ठेवणं आणि कंटाळा न येऊ देणं हे मुंबई-दिल्लीपेक्षा अवघड काम आहे. मुंबईत गर्दीमुळे चूक होते, लहान गावात ओळखीमुळे होते. "अरे, हा तर आपल्या अप्पांचा मुलगा, जाऊ दे." खान्देशी माणूस मुळात मोकळ्या मनाचा, नाही म्हणणं त्याला जड जातं. पण एकदा तपासणीच्या पलीकडे गेलेला माणूस आणि त्याची बॅग पुढे सगळीकडे 'तपासलेली' म्हणून जाते. व्हँकुव्हरचं दार ढिलं, आणि विमान फुटलं आयर्लंडजवळ. म्हणून छोट्या विमानतळाला छोटी सुरक्षा हा हिशेब चुकीचा आहे. विमानतळ हवा, विमान हवं, म्हणून आपण मोर्चे काढतो, निवेदनं देतो. तेवढ्याच जोरात प्रशिक्षित माणसं आणि चालू यंत्रं मागितलेली मी तरी ऐकली नाहीत.

शेवटचा मुद्दा थेट आपल्यासाठी, म्हणजे खोलीत रात्री दोन वाजता मोबाइल घेऊन जागणाऱ्यांसाठी. ऑक्टोबर 2024 मध्ये काही दिवसांत शेकडो भारतीय विमानांना बॉम्बच्या धमक्या आल्या. सगळ्या खोट्या. एअर इंडियाचं दिल्ली-शिकागो विमान कॅनडाच्या उत्तरेला इक्लुइट नावाच्या थंडगार गावी उतरवावं लागलं. मदुराईहून सिंगापूरला निघालेल्या विमानासोबत सिंगापूरची लढाऊ विमानं उडाली. धमक्या देणारे कोण निघाले? मुंबई पोलिसांनी छत्तीसगडमधल्या एका 17 वर्षांच्या मुलाला ताब्यात घेतलं. पैशांच्या वादातून मित्राला अडकवण्यासाठी त्याने हे केलं, असं पोलिसांचं म्हणणं होतं. नागपूर पोलिसांनी गोंदिया जिल्ह्यातल्या एका 35 वर्षांच्या माणसाला पकडलं. म्हणजे आपल्या विदर्भातला माणूस, मोबाइल किंवा कॉम्प्युटर, आणि दोन मिनिटं. त्यासाठी ना पिस्तूल लागलं, ना क्रिकेटचा चेंडू.

"पण कुणी मेलं तर नाही ना?" असं म्हणणाऱ्याने 22 जानेवारी 2025 आठवावा. आपल्याच जिल्ह्यात, पाचोरा तालुक्यात परधाड्याजवळ, पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. कुणीतरी साखळी ओढली, लोक घाबरून शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान बारा माणसं गेली. आग नव्हतीच. मारलं ते अफवेने. तिथे कुणी थट्टा केली नव्हती, खरोखरची भीती होती. मग थट्टेने भीती तयार करणाऱ्याला काय म्हणावं?

'लांडगा आला रे आला'ची गोष्ट आपण बालपणी ऐकली. त्यातला मुलगा खोटं बोलला, हे सगळ्यांना आठवतं. पण इंजिनिअरच्या भाषेत त्याने गावाचा एकमेव अलार्म निकामी केला. प्रत्येक खोट्या धमकीने लाल दिव्यासमोर बसलेल्या त्या माणसाच्या मनातलं "असेल काहीतरी" थोडं वाढतं. तेच खऱ्या हल्लेखोराला हवं असतं. त्यासाठी त्याला पैसे मोजावे लागले असते, आपली पोरं ते फुकट करून देतात.

असो. माझं मागणं फार नाही. तपासणीतली सूट शक्य तितकी बंद व्हावी, आणि निदान आपल्यापैकी कुणी ती मागू नये. जळगावसारख्या विमानतळावर काम करणाऱ्या शिपायापासून सफाई कामगारापर्यंत प्रत्येकाला नीट पगार, नीट शिक्षण आणि "नाही" म्हणायचा अधिकार मिळावा, म्हणजे मागचं दार आपोआप बंद होईल. आपल्या विभागांनी प्रोजेक्टसाठी दर वर्षी तोच 'ऑटोमॅटिक स्ट्रीट लाइट' देण्याऐवजी स्फोटकांचा वास ओळखणारे सेन्सर, क्ष-किरण चित्रांचं विश्लेषण, उपग्रहाचे खोटे सिग्नल ओळखणं असे विषय द्यावेत. सर, काम भरपूर शिल्लक आहे, आणि ते मुंबई-पुण्याच्या मुलांनीच करावं असा काही नियम नाही.

आणि पुढच्या वेळी जळगावच्या विमानतळावर कुणी हवालदार तुमच्या बॅगेवर हात ठेवून "ही बॅग कोणाची?" असं विचारील, तेव्हा कपाळाला आठ्या न घालता "माझी" म्हणा आणि उघडून दाखवा. लोणचं असेल तर ते चेक-इनच्या सामानात टाका म्हणजे झालं.